जित्या बाईचं तिकीट

नाही भाऊ, तुम्ही चुकले नाही — हेच होय पोस्ट. पाटी नाही म्हणून काय झालं, पाटी वादळात उडाली. तो लाल डबा तर दिसून राह्यला ना? बसा, खाटेवर बसा. टेबलावर पिशवी नका ठेवू, ते सरकारी हाये, संगीता रागावते. संगीता म्हंजे माही सून. तीच इथली पोस्टमास्तर. अन् मी धुरपताबाई, पोस्टमास्तराची सासू. आमच्या तांड्याचं पोस्ट म्हंजे पाहा — ही ओसरी, एक टेबल, एक वजनकाटा, एक शिक्का अन् संगीता. ती थैली घेऊन राळेगावले गेली, येते घंट्याभरात. तांडा असा सुनसान पाहून घाबरू नका, सारे कापूस वेचाले गेले. पाणी घ्या. यवतमाळहून एसटीनं फाट्यापर्यंत, अन् फाट्यावरून पायी? या वयात? दीनानाथ म्हणता नाव? साजरं नाव हाये. मले तर आधी वाटलं, मोजणीवाले साहेब आले पुन्हा.

तुम्हाले नाही माहीत? दोन वर्षं झाली. एक साहेब आले, इथंच बसले, सारे कागद पाह्यले अन् म्हणाले — बाई, महिन्याले पंधरा पत्रं येतात, सात जातात, पोस्टाले तोटा होऊन राह्यला, कसं चालवाचं हे? खोटं नव्हतं भाऊ त्याचं. डबा उघडला का पत्राच्या जागी पाल निंघते. कोण लिहिते आता? पोट्टं पुण्याले असलं तर त्याचं तोंडच मोबाईलात दिसते, मंग पत्र कायले? रजिष्टर गेलं, ते स्पीड पोस्टात मिळवलं. अन् जे काही येते त्याच्यावर तिकीट कुठं असते — काळ्या रेघांची पट्टी असते. हाव ना? तुम्ही भी तेच म्हणता — जमवाचं काय, रेघा? काय म्हणता — तुमच्या यवतमाळात तिकिटं जमवणारे चाळीस जण होते अन् आता पाच? अन् पाचातल्या दोघाइले दिसत नाही? हासू नाही, पण हासू येते भाऊ. म्हंजे टपाल बसलं, अन् त्याच्या मागं तुमचा नादही बसला. नवी तिकिटं निंघतात, रंगीत, भारी भारी, पण छापखान्यातून निंघून सरळ तुमच्या वहीत — मधात ना कोणाचं पत्र, ना कोणाचा थुका. आता काय म्हणाले तुम्ही? ‘प्रवास न केलेलं तिकीट’ — वा! आम्हाले नका सांगू प्रवासाचं. आमचे बापजादे लदेणीवाले — बैलाच्या पाठीवर मीठ लादाचं अन् मुलुखभर वाहाचं. रेल्वे आली, लदेणी बसली. मंग आम्ही मेलो काय? बैल नांगराले जुपले अन् वावरं धरली. तसंच हे.

पिशवीत काय हाये म्हणता? पाकिटं? व माय, चाळीस पाकिटं, अन् साऱ्यावर तुमचंच नाव? आत काही नाही? म्हंजे इथला शिक्का मारून घ्याचा अन् आपलं पाकीट आपल्याच घरी धाडाचं! बरं, बरं, समजलं — एक तारखेपासून हे पोस्ट मोठ्या गावात मिळवून राह्यले, हा शिक्का मंग कुठंच उमटणार नाही, म्हणून. मारून देईल संगीता. तिची नोकरी नाही गेली, तिले तिकडच्याच पोस्टात घेतलं, स्कुटीनं जाईल. अन् दुसरं काय? माह्या तोंडाचं तिकीट पायजे? हा हा हा! त्याच्यासाठी आले इतक्या दूर?

सांगते, सांगते. तो साहेब जाता जाता म्हणाला, धंदा दाखवा, मंग पाहू. धंदा म्हंजे काय — लोकाइची खाती उघडा, विमे काढा, अन् ते फोटोवालं तिकीट विका. तुम्हाले माहीत हाये. आम्हाले कुठं माहीत? आपला फोटो द्याचा, तीनशे रुपये द्याचे, बारा तिकिटाइचा कागद येते, एका आंगानं फूल अन् दुसऱ्या आंगानं आपण. संगीता घरोघर फिरली. नायकाच्या, म्हंजे तांड्याच्या पुढाऱ्याच्या घरी गेली, तो म्हणे, मले मारतं काय? तिकीट मेलेल्या माणसाचं निंघते! मास्तराकडं गेली, तो म्हणे, हेडमास्तरचं आधी काढा. माह्या पोराले, राजकुमारले म्हणली, तर तो म्हणे, मी ड्रायव्हर माणूस, माहा फोटो लायसनवर हाये तेवढाच बरा. पोरगी रडकुंडीले आली. मी म्हणलं, रडतं कायले, माहं काढ. मले मराची भीती नाही, चौऱ्याहत्तर झाले. पण आधारकार्डावरचा माहा फोटो पाह्यला तर मले माहीच कीव आली. मंग म्या पेटीतून जुनं सारं काढलं — फेटिया म्हंजे आमचा घागरा, कानावरच्या चांदीच्या घुगऱ्या, हातातल्या बलिया, अन् आरशाची काचळी, म्हंजे चोळी. राजकुमारनं या भिंतीपाशी उभं करून मोबाईलात फोटो काढला. महिन्यानं कागद आला. अख्खा तांडा पाहाले आला भाऊ! जित्या बाईचं तिकीट! कोणी म्हणे राणी दिसतं, कोणी म्हणे हिच्या मागून चाटाचं का पुढून.

हे घ्या, उरलेल्यातलं एक पाहा. भिंग काढलं का? तुमचंही काम पक्कं हाये. पाहा, आरामात पाहा. काचळी? हाव, पूर्ण हातकाम हाये. इतकं बारीक? त्या काळात होतंच असं. कोणी केलं? — कोणी म्हंजे — म्याच केलं. पुढं ऐका.

मंग संगीता म्हणे, याडी, तिकिटं झाली, आता पत्रं लिहाले पायजे, तवाच धंदा दिसन. याडी म्हंजे माय, आमच्या बोलीत. सासूले भी तसंच म्हणते ती. मी म्हणलं, मले कोण हाये लिहाले? अन् तोंडातून निंघून गेलं — रुकमा हाये. रुकमाबाई माही मोठी भेन, दोन वर्षानं मोठी, राजूरले असते. तिचा नवरा कोयशाच्या खाणीत होता, वारला, आता नातीजवळ राह्यते. एकोणीस वर्षं झाली, आम्ही बोललो नाही. ना ती माह्या पोराच्या लग्नाले आली, ना मी तिच्या नवऱ्याच्या मातीले गेली. काहून? होते भाऊ, भेणी-भेणीत होते. तर संगीतानं कागद घेतला, म्हणे, सांगा. म्या सांगतलं — ‘रुकमा, तुही भेन सरकारी तिकिटावर आली. पाहून घे.’ संगीता म्हणे, याडी, एवढंच? तब्येत-पाणी काही? म्या म्हणलं, एवढंच. गेलं पत्र. उत्तर नाही. पंधरा दिवसानं दुसरं — ‘पह्यलं भेटलं का नाही?’ उत्तर नाही. मंग तिसऱ्या खेपेले म्या म्हणलं, नुसतं पाकीट धाड. संगीता म्हणे, आत काय घालू? म्या म्हणलं, काही नको, भाईरूनच पाहू दे तिले.

हासता काय? मी भी हासत होती. अन् दर दिवशी त्या टेबलाकडं पाहात होती. संगीता थैली उघडे तवा मी शेंगा फोडत इथं बसे, जसं काही मले काही घेणं-देणंच नाही. साऱ्याइले पत्रं येत त्या दिवसात मले कधी वाट पाहाची सवय नव्हती. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी पोस्टाची वाट पाहून राह्यली, अन् तेही पोस्ट मराले टेकलं तवा. मंग चौथं पाकीट मोठ्या साहेबाले धाडलं, यवतमाळले. तेच तुम्ही पाह्यलं म्हणता, साहेबाच्या हापिसातल्या तुमच्या दोस्तानं दाखवलं ते. त्याच्यात म्या लिहून घेतलं, ‘सायेब, एवढ्यात पोस्ट बंद नका करू, माह्या भेणीचं पत्र याचं हाये.’ साहेबानं बिचाऱ्यानं साजरं उत्तर धाडलं, सहीसुद्धा. बंद तर होतेच, पण म्हणे, दिवाळीपर्यंत चालू ठेवतो.

अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं पत्र. संगीतानं थैलीतून काढलं अन् पाहातच राह्यली. म्हणे, याडी, हे पाहा व! भाऊ, पाकिटावर रुकमा! तिच्या नातीनं, दीपानं, यवतमाळहून करून आणलं — एका आंगानं फूल, दुसऱ्या आंगानं रुकमा, डोक्यावर पदर, अन् अशी पाहून राह्यली जशी माह्याच ओसरीत येऊन उभी हाये. म्हातारी झाली भाऊ. मी मनात एकोणीस वर्षांपह्यलेचीच ठेवली होती. अन् आत एकच ओळ. संगीतानं मोठ्यानं वाचली — ‘काचळी माही होय.’ बस. ना राम राम, ना श्याम श्याम. संगीता म्हणे, म्हंजे काय याडी? म्या म्हणलं, बुढी झाली, डोकं चळलं तिचं. अन् त्या दिवशी मी जेवली नाही.

मंग पाहा कशी लढाई झाली! मी धाडलं — ‘पाठीकडची माही.’ तिचं आलं — ‘पाठीकडं तर कशीदाच नाही.’ मी धाडलं — ‘फोटोत मी हाओ.’ तिचं आलं — ‘फोटोत तुह्यापेक्षा काचळी जास्त हाये.’ आता हे खरं होतं, तुम्हीच पाहा भिंगातून! राजकुमार म्हणे, फोनवर भांडा ना, फुकटात होते. फोनवर काय मजा? फोनवर तिनं फोन ठेवला का झालं. पाकिटावर तिचं तोंड येते, अन् तिकडं माहं तोंड तिच्या घरात जाते, ती फाडून फेकू नाही शकत, सरकारी हाये. अन् संगीताच्या महिन्याच्या कागदात आमचीच पत्रं जास्त. गेल्या महिन्यात तिचं लांब पत्र आलं, पह्यल्यांदा. डोयाचं ऑपरेशन झालं म्हणे, मोतिबिंदू. आता सुईचं भोक दिसत नाही, पण दीपानं मोबाईलात तिकीट मोठं करून दाखवलं, तर डाव्या आंगाचा तिसरा आरसा नाही. ‘एक आरसा सांभाळता नाही आला तुले. मी येऊन लावीन, नातीले सुई धराले लावीन.’ पाहा ना भाऊ, नखाएवढं ते चित्र, अन् तिले समजलं. समजनच, तिनं लावलेले आरसे ती नाही वयखन तर —

काय? ‘तिनं लावलेले’ म्हणली का मी? नाही, म्हंजे —

बरं. असू द्या. तुम्ही परके माणूस, सांजच्या गाडीनं जासान. सांगते. काचळी रुकमाचीच होय. सारी. माह्या लग्नाच्या आधी दोन हिवाळे बसून तिनं केली माह्यासाठी, माह्याच मापानं, माही पाठ मोजून मोजून. माह्या हातचा त्याच्यात एक टाका नाही. मले टाका येतच नाही भाऊ, मी पऱ्हाटी निंदते, भाकरी थापते, गाणं म्हणते, पण सुई माह्या हाती आली का वाकडी होते. एकोणीस वर्षांपह्यले होळीले रुकमा इथं आलती. नागपूरहून दोन बाया आल्या होत्या, आमचा कशीदा पाहाले. पोरीइले शिकवाले कोणी बाई पायजे, महिन्याले पगार देऊ म्हणत. मी काचळी घालून नाचात होती. त्याइनं आरशाले हात लावला अन् इचारलं, कोणी केलं? जसं आता तुम्ही इचारलं, अगदी तसंच. अन् मी म्हणलं — म्या. रुकमा मागंच उभी होती, हातात पुरणपोळीचं ताट.

काहून म्हणली? तेच तर एकोणीस वर्षं इचारून राह्यली मी मले. रुकमाचा रंग साजरा, रुकमाचा गळा साजरा, रुकमाचे हात तर देवाचे. अन् मी कोण, तर रुकमाची भेन. लहानपणापासून, तांड्यात, बाजारात, सासरी भी — हे कोण? रुकमाची भेन. त्या दिवशी वाटलं, एक दिवस, एकच दिवस रुकमा माही भेन असावी. तिनं चारचौघात म्हणलं, धुरपता खोटी बोलते. अन् म्या काय केलं? म्या म्हणलं, जळते ती माह्यावर. पुरणाचं ताट तिथंच ठेवलं तिनं, अन् उपाशी गेली फाट्यावर. पगार मले भेटला भाऊ! पंधरा दिवस. पंधरा दिवस सोळा पोरी माह्यासमोर सुई घेऊन बसत अन् मी त्याइले गाणी शिकवे. मी म्हणे, आधी गाणं, मंग टाका. सोळाव्या दिवशी डोये दुखतात म्हणून सोडून देलं. ते काम रुकमाचं होतं. तिच्या नवऱ्याची छाती खाणीच्या धुळीनं तवाच भरून येत होती, तिले चार पैशाची गरज होती, मले नव्हती. अन् तो आरसा पडला नाही — म्याच काढला, विळ्याच्या टोकानं. घरी येऊन रागात काढला, अन् मंग रातभर... जाऊ द्या.

तुम्ही म्हणसान, पत्रात लिहून टाकाचं होतं, चुकलं म्हणून. लिहिलं असतं भाऊ! पण लिहाचं कोणी? संगीतानं. अन् संगीताले सांगाचं कसं? ती साऱ्या तांड्यात सांगत फिरते, माह्या याडीच्या हातचा कशीदा पाहा. मोठ्या साहेबालेही सांगतलं तिनं. सासूनं सुनेपाशी कबूल कराचं का मी एकोणीस वर्षं चोरीची काचळी घालून मिरवली? ती पेन धरून म्हणे, सांगा याडी, अन् मी भांडण सांगे. भांडण सोपं होतं. आज रुकमा येऊन राह्यली. हाव, आजच! वणीची गाडी बाराले फाट्यावर येते, राजकुमार फटफटी घेऊन गेला. म्हणून तर मी आज सारं घालून बसली, तुम्हाले काय वाटलं, तुमच्यासाठी? हा हा. तुम्हाले पाकिटं पायजे ना, माह्या तिकिटाची, शिक्का मारलेली, खरी चाललेली? साहेबाचं सोडून ती सारी तिच्याजवळ हाये. तिलेच मागा. देईल का नाही, सांगता येत नाही, ती हट्टी हाये. अन् आज मी संगीतादेखत, राजकुमारदेखत सांगणार हाओ. सकाळपासून तोंडात घोळवून राह्यली. तुम्हाले सांगून पाह्यलं तर जमलं बाप्पा, काही घर नाही कोसळलं. आता संगीता आली का —

अव! संगीता! कवा आली व तू? मागच्या दारानं? थैली ठेव खाली, अशी छातीशी धरून काय उभी हाये. हे दीनानाथभाऊ, यवतमाळचे. किती ऐकलं? ... सारं? ... अव, मी — काय? काय म्हणतं? माहीत होतं? कवापासून? ... पाहा भाऊ, काय म्हणते ही! म्हणे, याडी, मी नवरी होऊन आली त्या आठवड्यात तुम्ही राजकुमारच्या शर्टाले गुंडी लावली, ती बाहीले शिवली. तवाच समजलं! सोळा वर्षं! सोळा वर्षं माहीत होतं अन् गावभर सांगत फिरली, माह्या याडीचा कशीदा? काहून व? ... काय म्हणते? ... ‘तुम्हाले साजरं वाटे म्हणून.’

पाणी दे मले. नाही, रडून नाही राह्यली, ऊन लागलं.

थांबा. फटफटी. राजकुमारचीच हाये, तो सायलेन्सर दुसऱ्या कोणाचा नाही. नायकाच्या घरापासून वळली. मागं — हाव, मागं बसली हाये कोणी. काळा चष्मा लावला व माय, ऑपरेशनचा, अन् पिशवी पोटाशी. एवढीशी? रुकमा एवढीशी नव्हती भाऊ. माह्यापेक्षा हातभर उंच होती ती. ते पाहा, उतरून राह्यली, राजकुमारचा हात नाही धरत, हट्टी हाये ना. इकडंच पाहून राह्यली. मलेच पाहून राह्यली.

भाऊ, तुम्ही आत जा. संगीता, तू भी जा, याइच्या चाळीसही पाकिटाइले साजरे शिक्के मारून दे, घाई नको करू. दार लोटून घ्या. चहा मंग. आधी आम्हाले भांडू द्या.